शर्यतीची चाके आणि खर्चाचा घाट

चैत्र लागला की आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात यात्रांना सुरुवात होते. आळे हे आमचे गाव. ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले असे सांगतात, त्या रेड्याची समाधी आमच्या गावात आहे. तेव्हा जनावराचा मान काय असतो हे आमच्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. यात्रा म्हटली की घाट आला, आणि घाट म्हटला की बैलगाडा आला. निशाण पडते, पुढे घोडी उधळते, मागून बैल चढणीला भिडतात, आणि तुम्ही नीट बघेपर्यंत बारी संपलेलीसुद्धा असते. सारा खेळ पंधरा सेकंदांच्या आतबाहेरचा.

एकदा अशीच बारी संपल्यावर मी आमच्या आळीतल्या एका वयोवृद्ध गाडामालकाशेजारी बसलो होतो. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मी सहज म्हणालो, "अण्णा, यंदा घाट मारलात की!" अण्णा हसले आणि म्हणाले, "मास्तर, बैल पळतो बारा-तेरा सेकंद. पन त्याच्यामागं घर वर्षभर पळतं." मग त्यांनी हिशेबच सांगितला. पूर्वी घरचा खोंड गाड्याला जुंपायचे. पुढे शेजारच्या गावाने लाखाचा बैल आणला. मग यांनाही आणावा लागला. त्याने दोन लाखांचा आणला, यांनी वावरावर कर्ज काढून आणला. मग खुराक आला, राखणीचा गडी आला, बैल न्यायला टेंपो आला. शेवटी अण्णा म्हणाले, "घाट हाये तेवढाच हाये, मास्तर. वाढला तो खर्च."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यती बंद केल्या. २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून पुन्हा परवानगी दिली. आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. शर्यती पुन्हा सुरू झाल्या, तशी बक्षिसेही वाढली. मांडवाच्या पुढे हार घातलेल्या नव्याकोऱ्या मोटारसायकली उभ्या दिसू लागल्या. मी आज बोलणार आहे ते या मोटारसायकलींबद्दल. बैलांची जशी शर्यत असते, तशी मोटारसायकलींचीही असते. आणि तेथेही घाट तेवढाच राहून खर्च वाढत गेला आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका विद्यार्थ्यामुळे. आळेफाट्यावरून पुणे-नाशिक रस्त्याने पुण्याकडे निघाले की नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर ही गावे मागे पडतात आणि चाकण येते. आमच्याकडची किती तरी मुले त्या पट्ट्यातल्या कारखान्यांत कामाला आहेत. माझा एक जुना विद्यार्थी तिकडेच सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात आहे. २०२४ च्या डिसेंबरात तो घरी आला आणि म्हणाला, "सर, पेपरात आलंय, ती केटीएम मोटारसायकलवाली परदेशी कंपनी कर्जात बुडाली म्हणून. ती गाडी तर आमच्या चाकणात बनते. शर्यतीच्या नादानं कंपनी बुडते का हो?" मी इतिहासाचा माणूस. म्हटले, बाबा, वाचून सांगतो. त्याला जे सांगितले तेच आज तुम्हांला सांगतो.

मोटारसायकलींची जागतिक अजिंक्यपदाची शर्यत १९४९ साली सुरू झाली. वर्षभरात निरनिराळ्या देशांत शर्यती होतात, प्रत्येक शर्यतीतल्या क्रमांकाला गुण मिळतात, आणि वर्षअखेर ज्याचे गुण जास्त तो जगज्जेता. अशा शर्यतीला ग्रां प्री म्हणतात. त्या १९४९ सालातली पहिली शर्यत आयल ऑफ मॅन नावाच्या बेटावर झाली. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रातले हे बेट. तेथे वेगळी धावपट्टी नव्हती. गावांतून, दगडी भिंतींच्या कडेने आणि डोंगरावरून जाणारा सुमारे साठ किलोमीटरांचा नेहमीचा रस्ता, तोच शर्यतीपुरता बंद करीत.

त्या काळी इंग्रजांच्या नॉर्टन गाडीचा दबदबा होता. तिच्या इंजिनात एकच सिलिंडर. सिलिंडर म्हणजे नळकांडे. त्यात पेट्रोलचा भडका उडतो, दट्ट्या खाली ढकलला जातो आणि त्या जोरावर चाक फिरते. इटलीच्या गिलेरा कंपनीने काय केले, तेवढ्याच आकारमानाची चार लहान नळकांडी केली. दट्ट्या लहान झाला की हलका होतो. हलका झाला की मिनिटाला जास्त फेरे घेतो. आणि फेरे वाढले की ताकद वाढते. जेफ ड्यूक हा नॉर्टनवरचा नामांकित स्वार. १९५१ साली त्याने नॉर्टनवर अजिंक्यपद मिळविले, पण पुढे तो गिलेराकडे गेला आणि १९५३ पासून ओळीने तीन वर्षे तेथे जिंकला. चांगला गडी चांगल्या जोडीकडे जातो, हे आपल्या घाटावर तरी काय वेगळे आहे!

मग इटलीतल्याच मोटो गुझ्झी कंपनीने आठ सिलिंडरांचे इंजिन केले. ५०० सीसीच्या मोटारसायकलीला आठ नळकांडी! शेजाऱ्याने चार केली म्हणून आपण आठ. आता आठ नळकांडी म्हणजे आठ दट्ट्या, त्यांच्या झडपा, त्यांना इंधन पुरविणारी साधने, आणि हे सगळे जुळवून ठेवणारे कसबी कारागीर. हा खर्च शेवटी यायचा कोठून? बाजारात विकल्या जाणाऱ्या साध्या गाड्यांतून. आणि नेमक्या त्याच सुमारास इटलीचा गिऱ्हाईक मोटारसायकल सोडून लहान मोटारीकडे वळू लागला होता. फियाट कंपनीची छोटी '५००' मोटार १९५७ सालीच बाजारात आली.

त्याच १९५७ साली एक मोठी घटना घडली. गिलेरा, मोटो गुझ्झी आणि मोंडियाल या तीन इटालियन कंपन्यांनी मिळून जाहीर केले की आम्ही शर्यतीतून बाहेर पडतो. त्या हरत होत्या असे नव्हे. त्या वर्षीची अजिंक्यपदे त्यांच्याच खात्यात जमा होती. पण जिंकूनही हिशेब जमेना. चौथी कंपनी एम. व्ही. अगुस्ता. तिनेही आधी माघारीची भाषा केली आणि मग निर्णय फिरविला. तीन पैलवान आखाड्याबाहेर गेल्यावर उरलेल्याचे काय होणार? १९५८, ५९ आणि ६० अशी तीन वर्षे १२५ पासून ५०० सीसीपर्यंतच्या चारही गटांत एम. व्ही. च जिंकली. तिला हे परवडले कसे? तर तिचे मालक अगुस्ता घराणे हेलिकॉप्टर तयार करीत असे. शर्यतीचा पैसा मोटारसायकलीतून येत नव्हता, दुसऱ्या धंद्यातून येत होता. आपल्याकडेही एखाद्याचा गाडा वर्षानुवर्षे टिकतो तेव्हा लोक विचारतात, "याचा दुसरा धंदा काय?" तसेच हे.

इटालियन गेले आणि जपानी आले. सोइचिरो होंडा यांनी १९५४ सालीच जाहीर केले होते की आपण आयल ऑफ मॅनच्या शर्यतीत उतरणार. त्यांची कंपनी तेव्हा जेमतेम सहा वर्षांची. प्रत्यक्षात पोहोचायला १९५९ साल उजाडले. पहिल्याच वर्षी १२५ सीसीच्या गटात होंडाच्या गाड्या सहाव्या, सातव्या आणि आठव्या आल्या, आणि कंपनीला संघाचे बक्षीस मिळाले. दोनच वर्षांनी, १९६१ साली, त्याच बेटावर १२५ आणि २५० या दोन्ही गटांत पहिले पाचही क्रमांक होंडाचे! जग थक्क झाले. सुझुकी १९६० साली आली, यामाहा १९६१ साली आली, आणि मग या तीन जपानी कंपन्यांत अशी काही चुरस लागली की विचारू नका.

या चुरशीतली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पूर्व जर्मनीत एम. झेड. नावाची गरीब कंपनी होती. पैसा नाही, सामान नाही. पण वाल्टर काडे नावाचा बुद्धिमान अभियंता तिच्याकडे होता. टू-स्ट्रोक इंजिनातून धूर बाहेर जाण्याच्या नळीचा आकार नेमका राखला तर त्याच धक्क्याचा उपयोग करून ताकद वाढविता येते, ही विद्या त्याने शर्यतीच्या इंजिनात मुरविली. त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर १९६१ साली १२५ सीसीचे अजिंक्यपद मिळविण्याच्या अगदी बेतात होता. पण स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी तो पळाला, पश्चिमेकडे गेला, आणि काडेची विद्या घेऊन सुझुकीत दाखल झाला. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, सुझुकीने ५० सीसीचे अजिंक्यपद मिळविले आणि स्वार होता डेग्नर. बुद्धी गरिबाच्या घरची आणि लाभ श्रीमंताच्या घरी. शर्यतीत पैशाचे वजन किती असते हे यावरून कळावे.

आता ५० सीसी म्हणजे केवढे? आपल्या चहाच्या कपाच्या निम्म्याहून कमी. एवढ्याशा जागेत होंडाने दोन सिलिंडर बसविले. म्हणजे एका नळकांड्यात मावणार पाच लहान चमचे! त्याचा दांडा मिनिटाला वीस हजारांहून जास्त फेरे घेई. सुझुकीच्या ५० सीसी गाडीला तर चौदा गिअर होते. तुमच्या गाडीला चार असतात, पाच असतात. येथे चौदा कशाला? तर एवढे ताणलेले इंजिन ठरावीक फेऱ्यांच्या अरुंद टप्प्यातच ताकद देई. जरा खाली आले की मेले. म्हणून स्वाराचा पाय सारखा गिअरवर. होंडाच्या १२५ ला पाच सिलिंडर झाले, २५० ला सहा झाले. १९६६ साली ५० पासून ५०० सीसीपर्यंतच्या पाचही गटांत उत्पादकांचे अजिंक्यपद होंडाने एकहाती घेतले.

आणि मग? १९६८ चा हंगाम सुरू होण्यापूर्वीच होंडाने शर्यत सोडली. सुझुकीनेही १९६७ नंतर हात आखडता घेतला, आणि १९६८ नंतर यामाहाने. म्हणजे दहा वर्षांपूर्वी इटलीत घडले तेच पुन्हा घडले. ज्या गाड्यांनी जग दिपविले त्यांतली एकही गाडी सामान्य गिऱ्हाइकाच्या उपयोगाची नव्हती. चौदा गिअरांची गाडी घेऊन कोण दूध घालायला जाणार?

तेव्हा शर्यतीची नियामक संस्था जागी झाली. तिने रेघ आखली. ५० सीसीच्या गाडीला १९६९ पासून एकच सिलिंडर. १२५ आणि २५० ला १९७० पासून दोनच. आणि गिअर सहांपेक्षा जास्त नाहीत. पुष्कळांनी नाके मुरडली. म्हणाले, प्रगतीच्या पायात बेडी घातली. पण श्रोतेहो, पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. यामाहाने त्या नियमांत बसणाऱ्या शर्यतीच्या गाड्या तयार करून कुणालाही विकायला काढल्या. मोठ्या कंपनीचा पाठिंबा नसलेला, स्वतःच्या हिमतीवर गाडी आणि हत्यारे घेऊन गावोगाव हिंडणारा स्वार शर्यतीत उभा राहू शकला. दक्षिण आफ्रिकेच्या जॉन एकेरोल्डने तर १९८० साली असाच खासगी स्वार म्हणून ३५० सीसीचे अजिंक्यपद पटकावले. नियमाची रेघ आखल्याने शर्यत मेली नाही. उलट ज्याच्याजवळ हिंमत आहे पण पैसा नाही, अशा माणसाला तिच्यात जागा मिळाली.

तरीही माणसाचा स्वभाव रेघेवर थांबत नाही. १९७९ साली होंडा परत आली. नियम सिलिंडर चारच म्हणतो ना? मग चारच, पण लांबट गोल आकाराचे, आणि त्यांना मिळून बत्तीस झडपा. जणू दोन सिलिंडर एकात कोंबले. बुद्धीची कमाल होती, पण त्या गाडीला अजिंक्यपदाच्या शर्यतींत एकही गुण मिळाला नाही. अखेर होंडाने हट्ट सोडला, तीन सिलिंडरांची साधी टू-स्ट्रोक गाडी केली, आणि १९८३ साली फ्रेडी स्पेन्सर त्याच गाडीवर जगज्जेता झाला. पुष्कळ खर्च करून हरली आणि साधेपणाने जिंकली.

जवळच्या काळाकडे येऊ. २००२ पासून सर्वांत वरच्या गटात फोर-स्ट्रोक इंजिने आली आणि या गटाला मोटोजीपी हे नाव मिळाले. आता लोखंडाबरोबर विजेचा मेंदू आला. चाक किती घसरू द्यायचे, किती इंधन सोडायचे, हे यंत्रच क्षणाक्षणाला ठरवू लागले. मग एका गाडीमागे संगणक जाणणारे अभियंते आले. २००८ साली जगात मंदी आली आणि २००९ च्या आरंभी कावासाकीने माघार घेतली. सुझुकी २०११ नंतर थांबली, २०१५ साली परतली, २०२० साली तिच्या जोन मीरने अजिंक्यपद मिळविले, आणि २०२२ नंतर ती पुन्हा निघून गेली. निघतानाची शेवटची शर्यतसुद्धा तिने जिंकली होती, बरं का! १९५७ च्या इटालियनांसारखेच हे.

नियम करणारेही गप्प बसले नव्हते. २०१० पासून एका स्वाराला वर्षाला सहाच इंजिने असे ठरले. २०१६ पासून सर्वांच्या गाड्यांत एकाच प्रकारचा विजेचा मेंदू सक्तीचा झाला. मग कंपन्यांनी वाऱ्याकडे मोर्चा वळविला. डुकाटीने गाडीला पंख लावले, मागोमाग सगळ्यांनी लावले. तेव्हा २०२७ च्या हंगामापासून इंजिन १००० वरून ८५० सीसीवर आणायचे आणि पंखही कमी करायचे, असे २०२४ साली ठरविण्यात आले. एका वाटेला कुंपण घातले की शर्यत दुसरी वाट शोधते, म्हणून कुंपण पुन्हा पुन्हा घालावे लागते. आपल्या बांधाचेही तसेच नाही का?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे परदेशातले. आपला संबंध काय? संबंध फार जवळचा आहे.

माझ्या लहानपणी वडिलांजवळ एम-८० होती. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून ते पहाटे निघत. त्याआधीचा काळ आठवा. आकुर्डीच्या बजाजची स्कूटर नोंदविली की हातात पडेपर्यंत वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. सरकारी परवान्यांमुळे उत्पादन ठरावीक, आणि गिऱ्हाईक रांगेत. तेथे चुरस नव्हती आणि चुरशीचा खर्चही नव्हता. पण मग किंमत मोजावी लागे ती गिऱ्हाइकाला, थांबून थांबून. १९८० च्या दशकात दारे किलकिली झाली. होंडा आली ती हिरोबरोबर आणि पुण्याच्या कायनेटिकबरोबर, कावासाकी बजाजबरोबर, सुझुकी टीव्हीएसबरोबर, यामाहा एस्कॉर्ट्सबरोबर. म्हणजे जगाच्या शर्यतीत एकमेकींना भिडलेल्या चारही जपानी कंपन्या आता आपल्या गल्लीत भिडल्या. त्या चुरशीतून कमी पेट्रोल खाणारी, लाथ मारताच सुरू होणारी गाडी शेतकऱ्याच्या दारात आली. तेव्हा चुरस ही वाईटच, असे मी म्हणणार नाही.

पुढे आपल्या महाराष्ट्रातली कंपनीही त्या जागतिक शर्यतीत उतरली. मुंबईच्या महिंद्राने २०११ साली १२५ सीसीच्या गटात पाऊल टाकले. २०१२ पासून त्या गटाच्या जागी मोटो-थ्री हा नवा गट आला: एक सिलिंडर, २५० सीसी, फोर-स्ट्रोक, आणि फेऱ्यांवरही मर्यादा. हेतू हाच, की खर्च आटोक्यात राहावा. महिंद्राला दम धरावा लागला. २०१३ साली मलेशियात तिसरा क्रमांक मिळाला, आणि २०१६ साली हॉलंडमधल्या ॲसेन येथे फ्रान्चेस्को बान्याया या तरुण इटालियन स्वाराने महिंद्राला पहिला विजय मिळवून दिला. हाच बान्याया पुढे २०२२ आणि २०२३ साली डुकाटीवर मोटोजीपीचा जगज्जेता झाला. पण महिंद्राने २०१७ च्या हंगामानंतर या शर्यतीला रामराम केला. जिंकायला शिकली आणि थांबली. याला कुणी अपयश म्हणेल. मी तसे म्हणणार नाही. आपल्याला पेलते किती हे ओळखून गाडा सोडणारा मालक हा हरलेला मालक नसतो.

आता चाकण. ऑस्ट्रियातल्या माटिगहोफेन या लहानशा गावात केटीएमचा मुख्य कारखाना आहे. बजाजने २००७ साली या कंपनीत साडेचौदा टक्के वाटा घेतला आणि तो वाढवीत जवळजवळ निम्म्यावर नेला. लहान गाड्या मिळून घडवायच्या आणि चाकणला तयार करायच्या, असा करार. २०२३ च्या जानेवारीत चाकणमधून दहा लाखावी केटीएम बाहेर पडली. शर्यतीतही केटीएम चढतच होती. २०१२ साली मोटो-थ्रीचे पहिलेच अजिंक्यपद तिच्या गाडीवर सँड्रो कोर्टेसेने मिळविले. २०१७ पासून ती मोटोजीपीत पूर्ण वेळ उतरली आणि २०२० साली चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो येथे ब्रॅड बाइंडरने तिला पहिला विजय दिला.

आणि २०२४ च्या २९ नोव्हेंबरला तिने कर्ज फेडता येत नाही म्हणून न्यायालयाकडे धाव घेतली. डिसेंबरापासून मार्चपर्यंत माटिगहोफेनचे उत्पादन बंद राहिले. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत सावकारांनी आपल्या येण्यातले शंभरातले तीसच घ्यायचे मान्य केले. तेवढे तरी उभे करायला आणि कारखाना पुन्हा सुरू करायला पैसा दिला तो बजाजने: एकूण ८० कोटी युरो, म्हणजे साडेसात हजार कोटी रुपयांहून अधिक. २०२५ च्या नोव्हेंबरात कंपनीची सूत्रे बजाजच्या हाती आली. पुणे जिल्ह्यातली कंपनी युरोपातल्या शर्यतीच्या गाड्यांची मालक झाली, ही इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी गोष्ट आहे. पण ती अभिमानाने सांगताना शंभरातले सत्तर कुणाचे बुडाले हेही विसरता कामा नये. त्यांत सुटे भाग पुरविणारे लहान कारखानदारही होते.

मग माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर काय? शर्यतीने कंपनी बुडाली का? सरळ उत्तर असे की नुसत्या शर्यतीने नाही. मुख्य कारण हे, की मागणी घटली तरी गाड्या तयार होतच राहिल्या. न विकलेल्या गाड्यांनी गोदामे भरली आणि कर्ज वाढले. त्यातच पसारा वाढविण्याची घाई. मघाशी मी त्या एम. व्ही. अगुस्ताचे नाव घेतले. १९५७ साली एकटी मागे राहिलेली, पुढे १९७६ नंतर शर्यत सोडलेली ती कंपनी. तिच्यातला निम्म्याहून अधिक वाटाही केटीएमच्या समूहाने घेतला होता. संकट येताच तो सोडून द्यावा लागला. अशा कंपनीच्या डोक्यावर शर्यतीचा बोजा होताच. तो बोजा उतरवून टाकावा, अशी चर्चा सावकारांपुढेही झाली. तरी २०२५ साली केटीएम शर्यतीत होतीच.

पण श्रोतेहो, शर्यत आणि बाजार या दोन्ही ठिकाणी रोग एकच आहे. आपण किती करावे हे आपल्या कोठाराकडे बघून न ठरविता शेजाऱ्याच्या चाकाकडे बघून ठरवायचे. शेजाऱ्याने चार सिलिंडर केले म्हणून आपण आठ. शेजाऱ्याने पंख लावले म्हणून आपणही. आणि याच्यावर एकट्याने उपाय होत नाही, हे मला या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे वाटते. एकटा शहाणपणाने थांबला तर तो हरतो, आणि न थांबणारा चार वर्षे जिंकतो. म्हणून रेघ सगळ्यांनी मिळून आणि सगळ्यांसाठी आखावी लागते, १९६९-७० साली आखली तशी. ती आखली गेली तेव्हा शर्यत टिकली आणि गरीब स्वारालाही जागा मिळाली. आखायला उशीर झाला तेव्हा चांगल्या कंपन्या जिंकून घरी बसल्या.

त्या मुलाने हे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे सर, आमची नोकरी राहील का?" इतिहासाच्या माणसाला पुढचे सांगता येत नाही. मी त्याला एवढेच म्हटले, "चाकणचा कारखाना चालला तो साध्या माणसाला परवडणारी गाडी केल्यामुळे. ती होत राहील तोवर धीर धर. आणि स्वतः मात्र हप्त्यावर मोठी गाडी घेऊ नकोस." तो हसला. त्याने ती आधीच घेतली होती.

गेल्या यात्रेत अण्णांची भेट झाली. त्यांना मी इटलीची, जपानची, सगळी हकिगत सांगितली. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकली आणि म्हणाले, "मास्तर, म्हंजे गोऱ्यांचंबी आमच्यावानीच की." मग जरा वेळाने म्हणाले, "आपल्या पंचांनी बैलाच्या किमतीवर काय तरी बांध घालाया पायजे. बक्षीस ढाल आन् पागोटं एवढंच ठेवावं. मग बघू कोन शौकीन हाये ते."

गावोगावच्या यात्रा समित्यांनी आणि शाळांतल्या गुरुजींनी अण्णांच्या या म्हणण्याचा विचार करावा. शर्यत राहू द्या. घाट ओस पडावा असे माझ्यासारख्यालाही वाटत नाही. पण पुढच्या चैत्रात निशाण पडण्यापूर्वी, किती खर्च म्हणजे पुरे, ही रेघ चावडीवर बसून एकदा आखून घ्या.